वाचक विचारतात : दहा हजार भरले की सुटलो?

ड्रंक अँड ड्राइव्हला आपल्याकडे पुरेशी कडक शिक्षा आहे का, असं मागच्या अंकात विचारलं होतं. मला वाटलं चार-पाच पत्रं येतील, पण इतकी आली की सगळी छापायला अख्खा अंक लागेल. निम्म्या लोकांना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला फासावर लटकवायचंय, उरलेल्या निम्म्यांना नाकाबंदीतून कसं सुटायचं ते हवंय, आणि एका गृहस्थांनी तर एकाच मेलमध्ये दोन्ही विचारलंय, त्यांचा मेल मी बाजूला ठेवलाय. मी वकिली करते, ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नेहमीचं येणंजाणं असतं, त्यामुळे ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या बाजूने मी थोडी झुकलेली असते, हे आधीच सांगून टाकते. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, फक्त ठिकाण.

कोलशेत रोड, ठाणे : ताई, आमच्या ऑफिसमधला एक जण गटारीच्या रात्री मानपाड्याजवळ नाकाबंदीत सापडला. कोर्टात जाऊन दहा हजार भरून आला आणि पुढच्याच पार्टीनंतर परत स्वतः गाडी घेऊन निघाला. आम्ही अडवलं तर म्हणतो, जास्तीत जास्त काय, अजून दहा हजार. इतक्या स्वस्तात सुटता येत असेल तर हा कायदा कसला? दंड पन्नास हजार करायला नको का?

तुमच्या मित्राचा हिशोब आधी दुरुस्त करूया. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. म्हणजे 'अजून दहा हजार' हे मुळातच चूक, दुसऱ्या वेळी कोर्टाने मनावर घेतलं तर दोन वर्षं आत जाऊ शकतो. आणि तो जे 'भरून आला' ना, ते सिग्नल तोडल्याचं ई-चलान भरल्यासारखं नसतं. कलम १८५ मध्ये रस्त्यावर तडजोड होत नाही, कोर्टातच जावं लागतं, तिथे त्याने गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने दोषी धरून दंड केला. उद्या नोकरीच्या किंवा व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी गुन्ह्यात दोषी ठरला आहात का' असा रकाना आला की त्याला 'हो' लिहायचंय. हे त्याला सांगा, पन्नास हजारांपेक्षा याने जास्त फरक पडेल बहुतेक.

आता दंड वाढवायचं बोलूया. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी हा दंड २,००० होता, दुसऱ्या वेळी ३,०००. म्हणजे पाचपट झालाय, आणि पाचपट होऊनही तुमचा मित्र बिनधास्त आहे. मग अजून पाचपट केल्यावर तो घाबरेल असं कशावरून धरायचं? शिवाय दंडात एक मोठी गोची आहे. ॲक्टिव्हावर खाण्याची पार्सलं पोचवणाऱ्या पोराला दहा हजार म्हणजे जवळजवळ महिना गेला, आणि घोडबंदरच्या एखाद्या टॉवरमधल्या साहेबांना त्या रात्रीच्या टेबलाचं बिलच तेवढं झालेलं असतं. फिनलंडमध्ये गंभीर गुन्ह्यांचे दंड माणसाच्या कमाईवर ठरतात, जितका पगार तितका दंड. आपल्याकडे तसं कधी होईल असं वाटत नाही, इथे कमाई किती ते इन्कम टॅक्सवाल्यांनाही नीट कळत नाही ते पोलिसांना कुठून कळणार.

माझं मत विचाराल तर गोष्ट अडलीये ती लायसन्सवर. इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथली मर्यादा ८० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्यापेक्षा बरीच ढिली. कैद जास्तीत जास्त ६ महिने, म्हणजे आपल्याइतकीच. मग तिथला माणूस पबमध्ये गाडी घेऊन जायला का कचरतो? कारण दोषी ठरला की किमान १२ महिने गाडी चालवायला बंदी, एरवीच्या केसमध्ये त्यात न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्नच नसतो, आणि दहा वर्षांत दुसऱ्यांदा सापडला तर किमान ३ वर्षं. आपल्या कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीत तशी सोय घातलीये बरं का. पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं आणि आरटीओ पहिल्या वेळी ३ महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच करू शकतो. पण हे 'ठरवू शकतो' आहे, म्हणजे आधी त्या माणसाची सुनावणी घ्यायची, मग लेखी कारणं देऊन ऑर्डर काढायची. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जाईपर्यंत तो माणूस रोज ऑफिसला गाडी घेऊन जातोच आहे. तुमच्या मित्राचंच बघा, तो कोर्टात गेला, दंड भरला, पण तुमच्या पत्रात लायसन्स गेल्याचा एक शब्द नाही.

आणि आता तर लायसन्स खिशात नसतंच, मोबाईलमध्ये असतं, ते 'जप्त' करणार म्हणजे काय करणार? पण त्यातच उपायही आहे, देशभरातल्या लायसन्सची नोंद सारथी नावाच्या सरकारी पोर्टलवर असते, कोर्टाने दोषी ठरवलं की त्याच दिवशी तिथे तीन महिन्यांचा लाल शेरा पडायला पाहिजे, आपोआप, कुणाच्या सहीची वाट न बघता. माझ्या हातात असतं तर मी कलम १८५ मध्ये एवढी एकच गोष्ट बदलली असती, दंडाचा आकडा होता तसा ठेवला असता.

पकडले जाण्याबद्दलही थोडं लिहिते, कारण त्याशिवाय कडक-ढिली ही चर्चा हवेतच राहते. गटारी, थर्टी फर्स्ट, धुळवड. या दिवशी नाकाबंदी असणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्या रात्री सगळे रिक्षा-कॅबने जातात किंवा आतल्या रस्त्यांनी जातात, कुठे पोलीस उभे आहेत ते व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत येतं. पण मधल्या कुठल्यातरी बुधवारी रात्री साडेबाराला कापूरबावडीला तुम्हाला कधी कुणी फुंकायला लावलंय? मला तरी असा माणूस भेटलेला नाही. केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेल्याची नोंद आहे आणि त्यात दारूच्या खात्यावर टाकलेले मृत्यू दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आहेत, सत्तर टक्क्यांच्या वर 'ओव्हरस्पीडिंग' आहे. आता रात्री दोनला ओव्हरस्पीडिंग करणारा प्रत्येक जण चहा पिऊन निघालेला असतो यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा. ज्याची टेस्टच झाली नाही तो कागदावर शुद्धीतच असतो.

नेरूळ, नवी मुंबई (ज्येष्ठ नागरिक) : आम्ही पाम बीच रोडच्या जवळच राहतो, रात्री गाड्यांचे आवाज ऐकतो, सकाळी दुभाजक तुटलेला बघतो. पुण्याच्या त्या पोर्श प्रकरणात ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. दोन तरुण जीव गेले आणि निबंध! माणूस मेल्यावर तरी कडक शिक्षा आहे का नाही या देशात?

काका, तुमचा राग मला कळतो, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत त्या आधी सोडवते. पुण्यात १९ मे २०२४ ला जे झालं त्यातला मुलगा १७ वर्षांचा होता, त्यामुळे तो बाल न्याय मंडळापुढे गेला, निबंधाची अट ही त्या जामिनाची होती, शिक्षा नव्हती. ओरड झाल्यावर तो जामीनही बदलला. मला त्या प्रकरणात निबंधापेक्षा जास्त भयानक वाटलं ते रक्ताचं. रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना अटक झाली. शिक्षा कितीही वर्षांची ठेवा, बाटलीत दुसऱ्याचं रक्त असेल तर ती कुणाला देणार?

शिक्षा कागदावर आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये २ वर्षांपर्यंत होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू झालं त्यात ५ वर्षांपर्यंत आहे. पण हे कलम जामीनपात्र आहे, म्हणून लोकांना संध्याकाळीच आरोपी घरी आलेला दिसतो आणि डोकं फिरतं. त्याच्यावरचं कलम म्हणजे सदोष मनुष्यवध, आता कलम १०५, आधीचं ३०४ भाग दोन. आपण जे करतोय त्याने कुणी मरू शकतं हे माहीत असूनही केलं, असं सिद्ध झालं तर १० वर्षांपर्यंत. दारू पिऊन बेफाम गाडी चालवणाऱ्याला हे माहीत असतं का, हाच सगळा वाद.

त्याचा निकाल आपल्या मुंबईच्याच केसमध्ये लागलाय. वांद्र्याचा कार्टर रोड, नोव्हेंबर २००६, फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, ७ जण गेले आणि ८ जखमी. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून ६ महिने दिले. सहा महिने, सात माणसांचे. हायकोर्टाने ते सदोष मनुष्यवधात नेऊन ३ वर्षं केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, वर असंही म्हटलं की ही शिक्षा खरं तर फारच कमी आहे पण सरकारनेच वाढीसाठी अपील केलेलं नाही तर आम्ही काय करणार. हे वाचलं तेव्हा मी कायद्यावर कमी आणि सरकारवर जास्त चिडले होते. कायद्यात तेव्हाही १० वर्षं होतीच की, मागायलाच कुणी गेलं नाही.

आता दुसरी, सलमान खानची. सप्टेंबर २००२ चा अपघात, मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने ५ वर्षं दिली आणि त्याच डिसेंबरात हायकोर्टाने निर्दोष सोडलं. गाडी तोच चालवत होता आणि तो प्यायलेला होता हे सरकारी पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही असं कोर्टाचं म्हणणं, रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही बोट ठेवलं गेलं. तुम्हाला निकाल पटो न पटो, तेरा वर्षांनी रक्ताची बाटली कोर्टात उभी करायची म्हणजे पहिल्या रात्रीची कागदपत्रं पक्की लागतात एवढं तरी मान्य कराल.

म्हणून मी नेहमी म्हणते की अपघातात शिक्षा पहिल्या काही तासांतच ठरते. कलम १८५ खाली अटक केली तर २ तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही झाली तर सोडावं लागतं, असं कायद्यातच लिहिलंय. पिणाऱ्यालाही हे माहीत असतं. जुलै २०२४ मध्ये वरळीत कोळीवाड्यातली एक बाई गाडीखाली गेली, आरोपी पळाला तो दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनी रक्तात काय सापडणार, कपाळ? पळून जाण्यात जर फायदा असेल तर माणूस पळणारच. पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा ठेवणारं पोटकलम न्याय संहितेत घातलं होतं, पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रक ड्रायव्हरांचा संप झाला, आठवत असेल, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, आणि बाकीची संहिता लागू करताना तेवढं पोटकलम सरकारने बाजूला ठेवलं. ड्रायव्हरांची भीती अगदीच खोटी नव्हती, थांबला तर जमाव मारतो हे खरंच आहे. पण त्या ओढाताणीत पिऊन पळणाऱ्याचंही फावलं.

आणि अल्पवयीन मुलांचं म्हणाल तर तिथे कायदा आई-बापावर चांगलाच कडक आहे, कलम १९९-अ. मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. दारूचं तर विचारूच नका, आपल्या राज्यात बियरला २१ आणि हार्ड लिकरला २५ वय लागतं. दहावीतल्या पोराला स्कूटीची चावी देणाऱ्या आपल्या सोसायट्यांमधल्या लोकांनी हे कलम एकदा वाचावं.

ऐरोली : मी महापेला कंपनीच्या स्टाफची बस चालवतो. ड्युटीवर कधी घेत नाही, देवाशप्पथ. पण शनिवारी मित्रांबरोबर बसतो आणि रविवारी सकाळी साडेसहाला गाडी काढावी लागते. झोप झालेली असते, तोंड धुतलेलं असतं. तरी मशीनमध्ये येईल का? वेलची, पान, लिंबूपाणी याने उतरते असं म्हणतात ते खरं का?

दादा, विचारलंत ते फार बरं केलंत, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. झोपेने उतरत नाही. लिव्हर आपल्या गतीनेच काम करतं, तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने, थोडं कमी-जास्त. तुम्ही झोपा, जागे राहा, कॉफी प्या, गार पाण्याने आंघोळ करा, त्याला काही पडलेली नसते.

आकडे मांडूया म्हणजे पटेल. ६० मिलीचा एक लार्ज व्हिस्की म्हणजे जवळजवळ २० ग्रॅम अल्कोहोल. ६५ किलोच्या पुरुषात त्याने रक्तात ४५ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे एकाच लार्जमध्ये ३० ची मर्यादा ओलांडली, 'दोन पेगपर्यंत चालतं' हे कुणी पसरवलं देव जाणे. स्ट्राँग बियरची मोठी बाटली तर याच्या दुप्पट. आता शनिवारी रात्री नऊला बसलात आणि चार लार्ज झाले तर १८० च्या पुढे जातं, ते ३० वर यायला नऊपासून दहा तास धरा, म्हणजे सकाळचे सात. तुमची बस साडेसहाला. वजन कमी असेल किंवा बाई असेल तर अजून जास्त वेळ. हे सगळं ढोबळ आहे, कुणाचं लिव्हर कसं यावर बदलतं, त्यामुळे आकड्यावर भरवसा ठेवून काठावर खेळू नका.

वेलचीने वास जातो. मशीन वास बघत नाही, फुप्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं. उलट माउथवॉश मारून लगेच फुंकलंत तर तोंडातल्याच अल्कोहोलमुळे रीडिंग वर जाईल. तसं खरंच झालं असेल तर चूळ भरायला पाणी मागा आणि पंधरा मिनिटांनी परत टेस्ट घ्या म्हणून शांतपणे सांगा. फुंकायलाच नकार द्यायचा सल्ला कुणी दिला असेल तर ऐकू नका, प्यायल्याचा संशय असताना नकार दिला तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि तुम्ही टेस्टला नाही म्हणालात हे कोर्टात तुमच्याच विरोधात धरलं जाऊ शकतं. तुमची तर रोजीरोटी लायसन्सवर आहे, वर मी लायसन्स कडक करा म्हणाले त्याचा सगळ्यात मोठा फटका तुमच्यासारख्यालाच बसेल हेही मला कळतंय. रविवारची ड्युटी असेल त्या शनिवारी बसूच नका, किंवा सुपरवायझरला सांगून पाळी बदलून घ्या. तुमच्या मागे चाळीस माणसं बसलेली असतात हो.

कळवा : आमच्या ग्रुपमधली मैत्रीण प्यायली होती, गाडी तिची, चालवत तीच होती, मी मागे बसले होते, मी थेंबही घेतला नव्हता. पोलीस म्हणाले तुमच्यावरही केस होऊ शकते. खरं आहे की घाबरवत होते?

खरं आहे. कलम १८८, गुन्ह्याला साथ दिली तर साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा. ठाण्यात ट्रॅफिक पोलिसांनी सोबत बसलेल्यांवर हे कलम लावलेलं आहे. आता नुसतं शेजारी बसणं म्हणजे साथ होते का, यावर वकील भांडतील आणि मीही भांडेन, तुम्ही तिला चालव म्हणालात का, तिने किती घेतलीये हे तुम्हाला माहीत होतं का, असं सगळं बघावं लागतं. जपानने २००७ मध्ये हे सरळच करून टाकलं, दारू देणारा, गाडी देणारा आणि शेजारी बसणारा तिघांनाही शिक्षा. मला ते आवडतं. पण तुम्ही शुद्धीत होतात तर चावी तुम्ही का घेतली नाहीत, गाडी येत नाही का?

खारघर : प्यायलेल्या अवस्थेत अपघात झाला तर इन्शुरन्स मिळतो का?

तुमच्या गाडीच्या डागडुजीचा क्लेम विसरा, पॉलिसीतच तसं लिहिलेलं असतं. समोरच्या माणसाला मात्र न्यायाधिकरण भरपाई देऊ शकतं, बऱ्याचदा कंपनीला आधी भरायला लावतात आणि मग तुमच्याकडून वसूल करायला सांगतात, म्हणजे घर-दार विकायची वेळ तुमच्यावर. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अपघातग्रस्ताच्या घरचं असेल तर अपघातापासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल करा. दिवसकार्यं, पोलीस स्टेशनच्या फेऱ्या यात ते महिने कधी जातात कळत नाही.

वर्तकनगर, ठाणे : येऊरहून रात्री एक-दीडला पोरं बाईकवरून झिंगत खाली येतात, उपवनच्या वळणावर कधी कोण उडेल सांगता येत नाही. आणि खाली घोडबंदरला हायवेला लागून बारच बार. आधी बारच बंद करा ना, म्हणजे शिक्षेचा प्रश्नच मिटेल!

बार बंद करून बघितलेत हो आपण. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायला बंदी घातली, १ एप्रिल २०१७ पासून शटर खाली. मग कुणी मागच्या बाजूला दार काढून अंतर वाढवलं, कुठल्या राज्यांनी हायवेचं नावच बदललं, आणि जुलै २०१७ मध्ये कोर्टानेच शहराच्या हद्दीला ही बंदी नाही असा खुलासा केला. घोडबंदर रोड शहरातच येतो, झालं. तसं बघितलं तर महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे, दारू प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा विदेशी दारूचा ५ रुपयांना मिळतो. तुमच्या ओळखीच्या किती जणांकडे आहे? बंदीचे कायदे आपल्याकडे असेच शोकेसमध्ये राहतात.

येऊरचं मात्र मला जमण्यासारखं वाटतं, कारण तिथून खाली यायला रस्ता एकच. पाम बीच किंवा घोडबंदरला गाडी दहा ठिकाणांहून आत-बाहेर होते, येऊरला तसं नाही. शनिवार-रविवार रात्री अकरा ते तीन एक मशीन आणि चार माणसं खाली उभी केली की झालं. वर जातानाच दिसलं की खाली तपासणी आहे, तर निम्मी पोरं एकाला न पिता ठेवतील किंवा बाईकच नेणार नाहीत. तुमच्या सोसायट्यांनी मिळून ट्रॅफिक शाखेला लेखी अर्ज द्या, वार आणि वेळ लिहून द्या, पोचपावती घ्या, आणि एखादा समोरच झिंगत चाललाय असं दिसलं तर ११२ ला फोन करा. नुसतं ग्रुपवर व्हिडिओ टाकून काही होत नाही.

घणसोली : मला पकडलं, मशीनवर ७० च्या वर आलं. साहेब म्हणाले कोर्टात दहा भरशील, त्यापेक्षा इथेच तीन दे आणि जा. दिले आणि गाडी घेऊन घरी आलो. पावती नाही. यात माझं काही अडकेल का?

अडकू शकतं. रस्त्यावर पैसे घेऊन मिटवायचा अधिकार कलम १८५ मध्ये कुणालाच नाही हे वर लिहिलंय, म्हणजे ती लाच झाली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पासून लाच देणाराही आरोपी असतो, ७ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे ६ महिन्यांची शिक्षा टाळायला तुम्ही ७ वर्षांच्या कलमात पाय घातलात. तुमच्यावर जबरदस्ती झाली असेल तर सुटका आहे, पण त्यासाठी ७ दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. लाचलुचपत विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. सात दिवस उलटले असतील तर फोन करण्याआधी एखाद्या वकिलाला भेटा.

आणि एक मला राहून राहून वाटतंय. तुमचं रीडिंग सत्तरच्या वर होतं, मर्यादेच्या दुपटीहून जास्त, आणि त्या माणसाने पैसे घेऊन तुम्हाला परत त्याच गाडीत बसवून पाठवलं. खरं तर कायद्याने प्यायलेल्या ड्रायव्हरला अटक केल्यावर गाडीची व्यवस्था लावायचं काम पोलिसांचंच असतं, न प्यायलेलं कुणी घरून येईपर्यंत गाडी तिथेच उभी राहते. कोलशेतवाल्या वाचकांनी दंड पन्नास हजार करा म्हटलंय, तसं झालं तर तुमच्याकडे तीनऐवजी पंधरा मागतील, एवढाच फरक.